तीन वेळा अडतीस

मला धीर नाही. लहानपणी चुलीपुढं बसले की भाकरी फुगायच्या आतच मी ती तव्यावरनं ओढून काढायची, आणि आई ओरडायची, "अगं, फुगू दे की तिला! कुटं पळून चाललीय का?" आता पंचेचाळिशी ओलांडली. कऱ्हाडला इंजिनिअरिंगच्या पोरांना गणित शिकवते. 'घाई करू नका, पायरी पायरीनं जा' असं दिवसातून दहा वेळा सांगते, आणि त्याच वेळी टेबलाखाली माझा पाय हलत असतो. पोरांना ते ठाऊक आहे. पहिल्या बाकावरची हसतात.

पुराचं गणित माझ्या डोक्यात बसलं ते बहुधा याच स्वभावामुळं. पुरात सगळ्यात वाईट काय असेल तर ते वाट बघणं. पाणी चढतंय, किती चढणार ते माहीत नाही, सामान बांधायचं की नाही तेही माहीत नाही, आणि माणसं कट्ट्यावर बसून नुसती नदीकडं बघतायत. मला ते सोसतच नाही. हातात एक आकडा पाहिजे. उद्या दुपारी पाणी इतक्या फुटावर असेल, बस्स. मग काय ते आवरायला लागा नाहीतर चहा टाका.

माझं माहेर कऱ्हाडच्या खाली आणि सांगलीच्या वर, कृष्णेच्या काठावर. पावसाळ्यात आमच्याकडं दोन माणसं भेटली की 'बरं हाय का?' हे नंतर येतं, आधी येतं ते 'किती फुटावर गेलं?' काय गेलं, कशावर गेलं, हे कुणी विचारत नाही. घाटाच्या पायऱ्यांच्या कडेला एक दगडी खांब आहे. त्याच्यावर काळ्या-पांढऱ्या रंगात फुटांच्या खुणा आहेत. आम्ही त्याला पट्टी म्हणतो. माझे वडील, म्हणजे आण्णा, ती पट्टी वाचायच्या नोकरीत होते. सकाळी आठला, दुपारी बाराला, संध्याकाळी सहाला घाटावर जायचं, पाणी कुठल्या खुणेला लागलंय ते बघायचं, आणि तक्त्यात लिहायचं. आयुष्यभर हेच. एक प्रत सरकारात जायची, आणि दुसरी आण्णा स्वतःच्या लांबड्या वहीत उतरून ठेवायचे. निवृत्त झाले, घाटावर आपोआप मोजणारं यंत्र बसलं, तरी आण्णांचं जाणं काही सुटलं नाही. आई म्हणायची, "मला एवड्यांदा बघितलं असतं तर म्या सोन्याची झाले असते."

आण्णांचा एक नियम होता: रकाना रिकामा ठेवायचा नाही. नोकरीला लागले तेव्हा वरच्या साहेबानं पहिल्याच दिवशी त्यांना दम दिला होता म्हणे, की रिकामा रकाना म्हणजे तू गेलाच नाहीस, आणि तू गेला नाहीस म्हणजे तुझी गरज नाही. ते वाक्य आण्णांच्या जे मनात बसलं ते बसलं. आम्हा भावंडांच्या परीक्षांनाही तोच उपदेश. "येत नसलं तरी कायतरी लिवून ये. कोरं सोडू नको." मी गणितातही कधी कोरं सोडलं नाही. थोडक्यात, आमच्या घराचा तो धर्मच होता.

तर ही वही मला मिळाली. म्हणजे घरातच होती, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत. एका दिवाळीत मी झाडलोट करताना उघडली, आणि माझी झाडलोट तिथंच राहिली. इतक्या वर्षांचं दिवसातून तीनदा लिहिलेलं नदीचं पाणी! अहो, असली गोष्ट शोधत माणसं देश पालथा घालतात, आणि ती आमच्या माळ्यावर फाटक्या चादरीत गुंडाळून पडलेली. मी सगळे आकडे कॉम्प्युटरवर चढवले. दोन वर्षं गेली त्यात.

माझं गणित सांगायला सोपं आहे. कोयनेचं पाणी कऱ्हाडला कृष्णेत मिळतं. धरणातून किती पाणी सोडलं ते कळतं, वरच्या अंगाला पाऊस किती पडला तेही कळतं. ते पाणी आमच्या घाटाला यायला किती तास लागतात, आणि आल्यावर पट्टीवर किती फूट चढतं, एवढं काढायचं. कॉलेजात आम्ही याला मॉडेल म्हणतो. आई म्हणायची, 'तुजा तो अंदाज.' मला राग यायचा. अंदाज काय! मग कळत गेलं की तिचाच शब्द जास्त बरोबर आहे.

तीस-बत्तीस फुटांपर्यंत माझी रेघ अशी छान बसली होती की बघत राहावं. आण्णांचे हजारो ठिपके आणि त्यांच्या मधून जाणारी रेघ. त्याच्या वर मात्र ठिपकेच कमी, कारण तेवढं पाणी रोज थोडंच येतं? पार वर, सगळ्यात वर, होते फक्त तीन ठिपके. मी शिकत होते तेव्हाच्या मोठ्या पुरातले, एका पाठोपाठच्या तीन दिवसांचे, कारण गणितात मी दिवसाला सकाळी आठचा एकच आकडा धरला होता. अडतीस, अडतीस, अडतीस. वरनं पाणी दिवसेंदिवस वाढत होतं, आणि आमच्या घाटावर मात्र अडतीसच. म्हणून माझी रेघ वर जाता जाता आडवी झाली, दमलेल्या बैलासारखी खालीच बसली.

आता मी गप्प बसणारी असते तर 'हे असं का?' म्हणून तिथंच थांबले असते. पण मला कारण सापडलं! मी मोठ्या हुशारीनं मांडलं, की अडतीसच्या वर पाणी काठ सोडून दोन्ही अंगांच्या उसात शिरतं, मैल-मैल पसरतं, म्हणून उंची वाढत नाही. त्यावर लेख लिहिला. पुण्याच्या परिषदेत वाचला. लोकांनी माना डोलावल्या. एकानं तर उसाच्या सरीतून पाणी कसं सरकतं यावर मला तीन प्रश्न विचारले, आणि मी तिन्हींची उत्तरं दिली. आज ते आठवलं की अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

मग कॉलेजात कार्यक्रम झाला. आण्णांना बोलावलं, फेटा बांधला, शाल आणि नारळ दिला. मी माइकवरून सांगितलं, "या वहीत एकही रकाना रिकामा नाही." टाळ्या पडल्या. आण्णा मान खाली घालून बसले होते. मला वाटलं, गावाकडचा माणूस, लाजतोय. परत जाताना गाडीत त्यांनी मला विचारलं, "ती मोठ्या पुराची तीन अडतीस धरावीच लागत्यात का तुला?"

"आण्णा, तेवढीच तर आहेत माझ्याकडं. तेवढ्या पाण्याचं दुसरं काहीच नाही. ती तीन म्हणजे सोनं आहे सोनं!"

त्यांनी मांडीवरच्या शालीची पुन्हा घडी घातली. पुढं दोन-तीनदा त्यांनी तोच प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं विचारला. मी प्रत्येक वेळी घाईत होते.

त्या वर्षी श्रावण लागायच्या आधी आई मोरीत घसरून पडली आणि तिचा खुबा मोडला. सांगलीला नेऊन ऑपरेशन केलं, आत सळई आणि खिळे घातले. डॉक्टरांनी बजावलं, सहा आठवडे हिला धक्का लागता कामा नये, उठवायचं नाही, बसवायचं नाही, कुशीवर वळवताना दोन माणसं पाहिजेत. घरी आणून पुढच्या खोलीत लोखंडी खाटेवर निजवलं. मी रजा टाकून आले. पंधरा दिवस झाले असतील, तोवर वर घाटात पाऊस कोसळायला लागला आणि धरणाचे दरवाजे उचलले.

आमचं आताचं घर आण्णांनी मोठ्या पुरानंतर बांधलेलं. जुनं घर घाटाजवळ होतं, ते त्या पुरात बसलं. नवीन घराला त्यांनी गवंड्याकडून पाण्याची नळी लावून पार घाटापासून उंची काढून घेतली होती, आणि जोतं बरोबर एक्केचाळीस फुटांवर आणलं होतं. मोठ्या पुराच्या वर तीन फूट. तेव्हा तिथं नुसता ऊस होता. त्या पुरात उसात पाणी किती उभं होतं, हे बघायला कोण गेलंय?

तर प्रश्न एवढाच होता. पाणी एक्केचाळीसच्या खाली राहणार असेल तर आईला हलवायचं नाही. वर जाणार असेल तर आत्ताच, रस्ता उघडा आहे तोवर हलवायचं, आणि तिचा जोडलेला खुबा ट्रॉलीतल्या हिसक्यांच्या हवाली करायचा. मधलं काही नव्हतं.

सकाळपासून मी लॅपटॉप घेऊन ओसरीवर बसले होते. म्हणजे बसले कुठली! पाच मिनिटं बसायची, उठायची, स्वयंपाकघरात जाऊन उगाच लसूण सोलायची, परत यायची. गणित चालवलं. उत्तर आलं एकोणचाळीस, उद्या दुपारपर्यंत. पुन्हा चालवलं. एकोणचाळीस. धरणाचा आकडा वाढवून बघितला, मुद्दाम भरपूर वाढवला. साडेएकोणचाळीस. रेघ आडवीच, मग दुसरं काय येणार? मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं. 

"काय म्हंतंय तुजं गणित?" आई आतून.

"एकोणचाळीस."

"म्हंजी ऱ्हायचं का जायचं?"

"ऱ्हायचं."

"बरं झालं. न्हाईतर कंबरंत एवडं लोखंड घातलंय, पाण्यात पडले तर लगीच तळाला जाईन." आणि स्वतःच हसायला गेली, आणि कळ आली म्हणून मला शिव्या दिल्या.

इतक्यात माझा चुलतभाऊ ट्रॅक्टर घेऊन दारात आला. शेजारच्याच घरातला, माझ्यापेक्षा लहान, पण आवाज असा की पलीकडच्या गावात कळावं. चिखलानं गुडघ्यापर्यंत माखलेला. "ताई, काकूला न्ह्यायचं का न्हाई? व्हय म्हण न्हाईतर न्हाई म्हण. मला अजून तीन घरं माळावर पोचवायची हायती. शाळंत सगळ्यांची सोय केलीया."

"नको," मी म्हणाले. "एकोणचाळीसवर थांबतंय."

"नक्की?"

"नक्की."

हा शब्द मी उच्चारला. वर्गात मी पोरांना हा शब्द वापरू देत नाही.

ट्रॅक्टर निघाला आणि आण्णा आले. सकाळपासून त्यांची घाटाकडं तिसरी फेरी होती. छत्री मिटायचं भानही नव्हतं, तसेच उघड्या छत्रीनिशी ओसरीत उभे. धोतराचा सोगा ओला, ओठ पांढरे पडलेले.

"ट्रॉली कुटं चालली?" त्यांनी विचारलं.

"मी नको म्हणाले. आण्णा, ती छत्री मिटा की आधी! सगळी ओसरी भिजवली."

"काय आलं उत्तर?"

"एकोणचाळीस. सकाळपासून चारदा सांगितलं."

"त्यात ती तीन अडतीस धरलीयस?"

माझं डोकंच फिरलं. "व्हय, धरलीत! त्यांच्यावरच तर सगळं उभं हाय! काय झालंय काय तुमाला? कवापासून तेच तेच विचारताय?"

आण्णा खाली बसले.  छत्री हातातून सुटून अंगणात गेली.

"म्या गेलोच न्हवतो," ते म्हणाले.

"कुठं?"

"घाटावर. ते तीन दिवस म्या घाटावर गेलोच न्हाई पोरी. पट्टी बगितली न्हाई. आदल्या सांजंला अडतीस हुतं, तेवडं बगितलं. मग तेच लिवलं. तीन दिस. रकाना रिकामा कसा सोडायचा?"

मला पहिल्यांदा समजलंच नाही. म्हणजे शब्द समजले. लॅपटॉपवर ती आडवी रेघ दिसत होती, माझं उसाचं कारण, पुण्यातल्या डोलणाऱ्या माना, आणि त्या सगळ्याच्या बुडाशी एक माणूस, कुठंतरी बसून तीन दिवसांचे रकाने भरणारा. मी किंचाळलेच. "आण्णा! एवढी वर्सं! आवं, फेटा बांधून घेतलात, शाल घेतलीत, तवातरी बोलायचं हुतं! मला एकदा तरी सांगायचं!"

"सांगणार हुतो. गाडीत सांगणार हुतो. तू सोनं म्हणालीस."

"मग? म्हणाले म्हणून काय झालं?"

"तू सगळ्यांम्होरं म्हणालीस, आमच्या आण्णांची वही. माजं शिक्षान चौथी. जन्मात पैल्यांदा माजं कायतरी कुणाच्या उपेगी पडलं हुतं. त्यात म्या कसं सांगू, की ह्यातलं महत्त्वाचं तेवडं खोटं हाय म्हणून?" त्यांनी तोंडावरनं हात फिरवला. "आणि खरं सांगू? लिवून लिवून मलाबी ते खरंच वाटाय लागलं हुतं. जोतं बांदताना म्या त्याच अडतीसवर तीन फूट धरलं. आज घाटावर उभा ऱ्हायलो, तवा ध्यानात आलं म्या काय केलंय ते."

मी अजून काहीतरी वाईट बोलणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, कधी नव्हे इतका कडक.

"त्यांच्यावर वरडू नको. म्याच सोडलं न्हाई त्यांस्नी."

मी आत गेले. आई आढ्याकडं बघत होती. "तू तवा सांगलीला हुतीस, तुज्या त्या हॉस्टेलात. तीबी पाण्यात. फोन लागत न्हवता. हितं घर बसलेलं, आमी शाळंच्या वरच्या खोलीत. मला वाटलं, तू गेलीस. मला काय सुदरंना. हे रोज आठ वाजले की उठायचे, म्हणायचे, नावंतनं जाऊन पट्टी बगून येतो. म्या हात धरला. म्हटलं, एक लेक पाण्यात हाय, आता तुमीबी जायाचं न्हाई. तीन दिस हात सोडला न्हाई म्या. कुटनं जात्यात ते?"

मी त्या दिवसांत खरंच सांगलीत होते, दुसऱ्या मजल्यावर, खिचडी खात आणि पत्ते खेळत. मला पुराची मजा वाटली होती. हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

रडायला वेळ नव्हता. मी ओसरीवर येऊन ते तीन ठिपके पुसले आणि गणित पुन्हा चालवलं. आता रेघ वर जाता जाता तिला धरायलाच काही नव्हतं. उत्तर आलं: एकोणचाळीस ते सत्तेचाळीस यांच्या मध्ये कुठंही. म्हणजे काय, तर काहीच नाही. दोन वर्षांच्या कष्टांनंतर माझं गणित मला सांगत होतं, बाई, मला ठाऊक नाही.

मी तशीच पावसात पळाले. चप्पलही घातली नाही. चुलतभाऊ वळणावरच्या घरापुढं म्हशीचं दावं सोडत होता.

"चल," मी म्हणाले. "आईला न्यायचंय."

"आँ? आत्ताच तर नको म्हणालीस! नक्की म्हणालीस!"

"चुकले. पाणी किती येणार मला माहीत नाही."

"म्हंजे? माहीत न्हाई म्हणून न्ह्यायचं?"

"व्हय. माहीत नाही म्हणूनच न्यायचं."

 त्यानं म्हशीला तशीच खांबाला बांधली आणि ट्रॅक्टरवर चढला.

ट्रॉलीत आधी उसाचं वाळलं पाचट टाकलं, त्यावर घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या वाकळा. चौघांनी आईला खाटेसकट उचललं. दारातून खाट आडवी निघेना, तिरकी करावी लागली, तेव्हा ती पहिल्यांदा ओरडली. मग माळापर्यंतचा रस्ता. मैलभरही नसेल. मी तिचं कंबरेखालचं अंग दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं आणि प्रत्येक खड्ड्याला ती माझ्या नावानं, माझ्या शिक्षणाच्या नावानं, आणि ज्यानं कॉम्प्युटर काढला त्याच्या नावानं ओरडत होती. आण्णा तिच्या डोक्याशी छत्री धरून बसले होते.  मला सारखं वाटत होतं, पाणी आलंच नाही तर? मग हे सगळं कशासाठी? आणि लगेच वाटायचं, आलं तर? त्या मैलभरात मी दोन्ही बाजूंनी इतक्या वेळा चुकले की मोजदाद नाही.

पाण्याचं काय झालं ते सांगून टाकते, कारण वाट बघायला लावणं मला आवडत नाही. पाणी घरात आलं. ओसरल्यावर मी गवंड्याची नळी लावून भिंतीवरची खूण मोजली: साडेचव्वेचाळीस. पुढच्या खोलीत, जिथं खाट होती तिथं, खाटेच्या उंचीच्याही वर दीड-दोन फूट. आईचा खुबा नीट जुळला, एवढंच की ती अजून जरा लंगडते आणि प्रत्येक पावलाला माझ्याकडं बघते. मी पुण्याला पत्र लिहून माझा उसाचा लेख मागं घेतला. त्या तीन ठिपक्यांच्या जागी आता माझ्या गणितात काही नाही. प्रोग्रॅमला रिकामी जागा चालत नाही, तो तिथं येऊन दर वेळी अडतो, आणि मी त्याला दर वेळी समजावते. अजून पुरतं जमलेलं नाही. रेघेचा वरचा भाग मी आता तुटक काढते, आणि कुणी विचारलं तर सांगते की इथून पुढं मी बघितलेलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं. शाळेच्या वरच्या खोलीतली दुसरी सकाळ.

पाऊस थांबला होता. खिडकीतून बघितलं तर खाली सगळं एकसारखं मातकट पाणी. घाट, देऊळ, पट्टी, काहीच दिसत नव्हतं. आमचं घर झाडांच्या आड. पाणी घरात शिरलंय की नाही हे आम्हाला अजून माहीत नव्हतं, आणि मी खिडकी ते दार, दार ते खिडकी अशा फेऱ्या घालत होते. आई खाटेवर डोळे मिटून पडलेली. खोलीत अजून तीन घरची माणसं, कुणी चहा करतंय, कुणी फोनला रेंज शोधतंय.

आठ वाजले. आण्णांनी बंडीच्या आतून प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात लांबडी वही. घरातून निघताना भांडी नाही, कपडे नाहीत, हा माणूस वही घेऊन आला होता. त्यांनी ती मांडीवर उघडली, चष्मा लावला, तारीख घातली. पेन रकान्यावर नेलं आणि तिथंच थांबवलं. मी फेरी अर्धी सोडून उभी राहिले. काही बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि माझ्यासारखीला ते किती जड जातं ते मलाच ठाऊक. खिडकीतून त्यांनी एकदा पाण्याकडं बघितलं.  पेनाचं टोक कागदाला लागलं, शाईचा एक बारीक ठिपका उमटला, आणि त्यांनी पेन उचललं.

"भरला का रकाना?" आईनं डोळे न उघडता विचारलं.

"न्हाई," आण्णा म्हणाले. "दिसत न्हाई हितनं."

"मग या हिकडं," ती म्हणाली. "हात धरा माजा."

आण्णांनी पेनाला टोपण लावलं, वही तशीच उघडी ठेवली, आणि तिच्या उशाशी जाऊन बसले.